कापूस वेचणारे यंत्र कोणाच्या मालकीचे?

गेल्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बुद्धविहारात, आम्ही बैठकीला गेलो होतो. विषय वेचणीच्या थकलेल्या मजुरीचा होता. बैठक संपल्यावर एका तरुणाने मोबाइलवर अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्या यंत्राची चित्रफीत दाखवली. घराएवढे यंत्र, एका वेळी सहा ओळी खात पुढे जाते आणि मागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापसाचा गठ्ठा खाली सोडते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाया मात्र गप्प होत्या. मग सत्तरीच्या घरातली एक आजी म्हणाली, "बापू, हे मशीन कोनाचं हाये?" पोरगा म्हणाला, "कंपनीचं हाये, आजी." आजी म्हणाली, "कंपनीनं बनवलं असंन. पन घेतलं कोनं? अन् त्या वावरात पयले येचाले जात होत्या त्या बाया आता कुठी गेल्या?"

वकिलीत आम्ही बऱ्याच उलटतपासण्या ऐकल्या. इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला. त्याचे उत्तर चळवळीने शोधले पाहिजे आणि यंत्र धुऱ्यावर येऊन उभे राहण्याआधी शोधले पाहिजे.

यंत्राचा विषय निघाला की दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक, यंत्र नको, हाताचे काम हिरावू नका. दोन, यंत्र म्हणजे प्रगती, आडवे येऊ नका. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राला शिव्या देणाऱ्यांना स्पष्ट बजावले होते. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती सोपवणाऱ्या समाजरचनेचा आहे. बदलायची तर ती रचना बदला. आम्ही त्याच पायावर उभे राहून बोलत आहोत.

हाताने कापूस वेचणे ही काही जपून ठेवावी अशी परंपरा नाही. बाई पहाटे भाकरी बांधून निघते, कमरेला ओटी बांधते आणि दिवसभर पऱ्हाटीत वाकते. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला घुसतात, बोटे रक्ताळतात. कापसावर आधी मारलेले औषध हातातोंडाशी जाते. संध्याकाळी काट्यावर चाळीस-पन्नास किलो भरले तर भरले, मोबदला किलोमागे. हजेरीपट नाही, पावती नाही, मालकाच्या वहीत पूर्ण नाव नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा शेतमजुराला लागू होता, २०१९ च्या वेतन संहितेनेही त्याला किमान वेतनातून वगळलेले नाही. पण कोर्टात उभे राहिलो की पहिला प्रश्न येतो, ही बाई कामाला होती याचा पुरावा काय? पुरावा तिच्या बोटांवर असतो आणि बोटे निशाणी म्हणून दाखल करता येत नाहीत. असे काम यंत्राने केले तर आम्हाला आनंदच आहे. आमचे भांडण पुढे सुरू होते.

ते समजण्यासाठी हे यंत्र जिथे जन्मले आणि रुजले त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडे जाऊ. तिथल्या कृष्णवर्णीयांचे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिथूनच घेतले.

गुलामी १८६५ साली कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. कालचा गुलाम त्याच जमिनीवर बटाईने कापूस पिकवू लागला आणि दरवर्षी मालकाच्या वहीत कर्जदार निघू लागला. अशा काळात टेक्ससमधल्या जॉन रस्टने वेचणी यंत्राचा ध्यास घेतला. तो स्वतः लहानपणी कापूस वेचलेला, गरीब घरचा गोरा. त्याच्याआधी अनेकांनी काटेदार चात्यांची यंत्रे केली होती. काट्यात कापूस अडके, पण सुटता सुटत नसे. १९२७ साली रस्टला आठवले की सकाळच्या दवात ओला कापूस बोटांना चिकटतो, आणि आजी सूत काततताना चरख्याची चाती ओली करायची. त्याने चाती गुळगुळीत ठेवली आणि ओली केली. कापूस तिला गुंडाळला गेला आणि सहज ओढून काढताही आला.

पुढे ज्या कंपनीचे यंत्र बाजारात जिंकले, त्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने काटेदार चातीच सुधारून वापरली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. उभ्या दांड्यांवर एकाखाली एक अशा चात्या बसवतात आणि या दांड्या एका फिरत्या ढोलावर असतात. प्रत्येक चातीच्या बुडाशी तिरक्या दातांचा छोटा गिअर असतो. दांडीच्या पोटातून जाणारा शाफ्ट त्याला फिरवतो आणि चाती मिनिटाला हजारो फेरे घेते. झाड दोन बाजूंनी दाबले जाऊन अरुंद वाटेतून आत येते, चाती आडवी घुसते, उमललेल्या बोंडातला कापूस गुंडाळते. मागे रबरी चकत्या तो सोडवून घेतात आणि पंख्याची हवा त्याला टोपलीत फेकते. खरी करामत वेगाच्या मेळात आहे. यंत्र जितक्या वेगाने पुढे जाते, तितक्याच वेगाने ढोलाची झाडाकडची बाजू मागे सरकते. त्यामुळे झाडात शिरलेली चाती झाडापुरती जागच्या जागी उभी असते, फांदी ओरबाडत नाही, कच्चे बोंड पाडत नाही. हा मेळ चुकला तर झाड मोडेल, म्हणून चाकांचा आणि ढोलाचा वेग गिअरने एकमेकांना बांधलेला असतो.

झाडाला इजा होऊ नये म्हणून अभियंत्यांनी इतका विचार केला. वेचणाऱ्या माणसाला इजा होऊ नये याचा विचार कोणी केला होता का?

केला होता, खुद्द रस्टने. जॉन आणि त्याचा भाऊ मॅक हे समाजवादी विचाराचे होते. ३१ ऑगस्ट १९३६ रोजी मिसिसिपीतल्या स्टोनव्हिल येथे त्यांच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा एका वृत्तपत्राने हे यंत्र मिसिसिपी नदीत बुडवा असे लिहिले. रस्ट बंधूंनाही लाखो लोक बेकार होतील ही धास्ती होती. यंत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, आणि जो मळेवाला किमान मजुरी देईल, पोरांना कामाला लावणार नाही त्यालाच द्यायचे, असा त्यांचा विचार होता. नफ्यातून विस्थापितांना मदत करण्यासाठी त्यांनी निधीही योजला. पण मळेवाल्यांनी अशा अटी का मानाव्या? त्यांना भाग पाडणारा कायदा नव्हता. रस्ट बंधूंची कंपनी बुडाली, अटी कागदावर राहिल्या. विश्वस्ताच्या सद्भावनेवर गरिबाचे भवितव्य सोडू नये हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. रस्टचे उदाहरण तोच धडा देते, आणि इथे तर विश्वस्त प्रामाणिक होता.

२ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर हार्वेस्टर कंपनीची आठ लाल यंत्रे शेतात उतरली. चांगला मजूर तासाला वीस पौंड वेचत असे, एक यंत्र सुमारे हजार पौंड वेचत होते. हाताने वेचलेल्या गाठीला ३९ डॉलर ४१ सेंट खर्च, यंत्राच्या गाठीला ५ डॉलर २६ सेंट. मळेवाल्याला याहून जास्त काही सांगावे लागत नाही. तरीही त्याच वर्षी हॉप्सन कुटुंबातल्या एकाने मळेवाल्यांना पत्र लिहून सांगितले की बटाई सोडून लवकर यंत्रावर या. मजूर कमी लागतील, काळ्या-गोऱ्यांची संख्या बरोबरीला येईल आणि वंशाचा प्रश्न हाताळणे सोपे जाईल. म्हणजे हिशेब केवळ पैशाचा नव्हता. ज्यांच्या घामावर मळे उभे राहिले, ते आता डोईजड झाले होते.

१९४० ते १९७० या काळात सुमारे पन्नास लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे गेले. सगळे यंत्रानेच हाकलले असे म्हणणे खोटे ठरेल. कित्येक जण वंशद्वेषाच्या जाचाला कंटाळून, कारखान्यातल्या मजुरीच्या आशेने आधीच निघाले होते. पण मागे राहिलेल्यांच्या पायाखालची जमीन यंत्राने आणि तणनाशकाने काढली.

आणि कायदा काय करत होता? १९३३ साली सरकारने कापसाचा पेरा कमी करण्यासाठी पैसे दिले. ते जमीनमालकांच्या हातात पडले, त्यांनी बटाईदार काढले आणि अनेकांनी ट्रॅक्टर घेतले. १९३५ चा संघटना-हक्काचा कायदा आणि त्याच वर्षीचा सामाजिक सुरक्षेचा कायदा, या दोन्हींतून शेतमजूर वगळला गेला. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातूनही वगळला गेला. शेतमजुराला किमान वेतन मिळाले १९६७ साली, तासाला एक डॉलर. तोवर यंत्र आणि तणनाशक तयार होते. मळेवाल्यांनी डॉलर देण्याऐवजी माणसेच काढली. त्याच वर्षी रॉबर्ट केनेडी मिसिसिपीच्या त्या भागात गेले, तेव्हा त्यांना उपाशी पोरे पाहावी लागली. कायदा आला तेव्हा वावर रिकामे झाले होते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात सुमारे चाळीस लाख हेक्टरवर कापूस असतो आणि तो जवळपास सगळा हातानेच वेचला जातो. यंत्र आले नाही याचे कारण कोणाची दया नव्हे. आपली पऱ्हाटी पसरट आणि उंच, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, तीन-चार वेचण्या होतात, आणि राज्यातले सरासरी धारण १.३४ हेक्टर. यंत्राला बुटके, सरळ, एकदम फुटणारे झाड हवे आणि पाने आधी गळालेली हवी. म्हणून झाडच यंत्राच्या मापाने घडवले जात आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेमार्फत सघन लागवडीचे प्रकल्प सुरू झाले, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे मिशन जाहीर झाले. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या वेचणी यंत्राच्या चाचण्या झाल्या आहेत. आज ना उद्या यंत्र येणार.

ते आले की पाने गाळण्याचे औषध फवारावे लागेल. पंप कोणाच्या पाठीवर असेल? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. दोन-तीन एकरवाला यंत्र विकत घेऊ शकणार नाही, तो भाड्याने घेईल. भाड्याने देणारा कोण असेल? ज्याच्याकडे तारण आहे, बँकेत ओळख आहे आणि अनुदानाचा अर्ज मंजूर करून घेण्याची ताकद आहे तोच. ऊसतोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्यातून तोडणाऱ्या कोयत्याच्या वाट्याला काय आले? कापसात हेच होऊ द्यायचे का?

आमच्या मागण्या साध्या आणि कायद्यात बसणाऱ्या आहेत. पहिली, वेचणी मजुरांची गावनिहाय नोंदणी. ज्याची नोंद नाही त्याचे विस्थापनही नोंदले जात नाही. दुसरी, १९६९ च्या माथाडी कायद्यासारखे मंडळ. यंत्राने वेचलेल्या प्रत्येक एकरामागे लेव्ही आणि ती नोंदणीकृत वेचणी मजुरांच्या खात्यावर. महाराष्ट्राने हमालाला हक्क मिळवून देणारा कायदा केला, मग वेचणाऱ्या बाईसाठी करायला अडचण कोणती? तिसरी, मालकी. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना राज्यात आहेच. तिच्यात वेचणी यंत्र आणि त्याचे सुटे भाग घाला, आणि अवजारे बँका वेचणाऱ्या बायांच्या गटांच्या नावे करा. चौथी, प्रशिक्षण. चाती झिजते, तिरका गिअर घासतो, रबरी चकती फाटते. ऐन हंगामात यंत्र बंद पडले की दुरुस्त करणारा राजा असतो. तो आपला पोरगा आणि आपली पोरगी का नसावी? १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली, ती उगाच नाही.

यात नवे काही नाही. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी १९४७ सालीच मांडले होते की शेतजमीन राज्याची असावी, गावकऱ्यांनी जातिभेदाशिवाय ती सामुदायिकपणे कसावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे राज्याने पुरवावे. अवजार हा शब्द त्यात होता. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. आज जमिनीची मागणी सोडायची नाही, पण तिच्या शेजारी यंत्राची मागणी लिहायची आहे.

वाचकांनी एवढे करावे. आपल्या गावात वेचणीला जाणाऱ्या बायांची यादी या हंगामात वहीत लिहून काढावी: नाव, वय, कोणाच्या वावरात, किती किलो, काय दर. ग्रामसभेत ती वाचावी आणि ठरावाला जोडावी. उद्या मंडळ मागायचे झाले तर हाच पहिला कागद असेल, आणि कोर्टात जायचे झाले तरी हाच.

त्या आजीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या बैठकीला जाताना आम्ही कोरी वही घेऊन जाणार आहोत. पहिले नाव तिचेच लिहू.