कार्बोरेटर बिचारा

मागं हौदा असलेली जुनी पेट्रोल जीप मिसिंग करायला लागली, चढाला गचके देऊन बंद पडली, की आमच्या नगर भागात निकाल ठरलेला: "कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका." ताप कशाचा ते न बघता सलाईन लावावं, तसली ही तऱ्हा.

अहो, गाडी स्वतःच सांगते की! गचके देताना चोक जरा ओढा. सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी हवा शिरतेय. मग आधी टाकीचं झाकण सैल करा. त्याचं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल पुढं सरकत नाही. मग फिल्टर, पाईप, पंप. कार्बोरेटरचे जेट शेवटी. बटण दाबल्यागत एकदम बंद पडते? पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा. मे महिन्यात इमामपूर घाटात थांबून, निवल्यावर चालू होते? पाइपात पेट्रोलची वाफ झाली असेल, नाहीतर कॉइल तापली असेल.

आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुने रबरी पाईप त्यानं फुगतात, चिरतात. कार्बोरेटर बदलून पाईप नवा होतो का?

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. पार्टचे पैसे आपण मुकाट मोजतो, तपासायची मजुरी द्यायला कुरकुरतो. मग तो तपासेल कशाला? असंच चाललं तर धडधाकट इंजिन किलोच्या भावानं भंगारात जाणार, आणि घरचा कांदा घोडेगावला न्यायला भाड्याची गाडी बघावी लागणार.