मेणबत्तीला मुभा, मेथीला मनाई

काही महिन्यांपूर्वी कळमेश्वरातील एक गृहस्थ आपल्या कन्येची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक. रविवारची मिस्सा कधी न चुकवणारे, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारे. कन्या नागपुरात समाजशास्त्राची एम.ए. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला आता पीएच.डी. करावयाची आहे आणि त्यासाठी तिने विषय निवडला आहे तो रस्त्यावरच्या बाजाराचा. तेथे कोण बसतो, कोणाला उठवले जाते आणि ती जागा मुळात कोणाची, हे तिला शोधावयाचे आहे. "फादर, भाजीवाल्यांवर कसली डॉक्टरकी करायची? तुम्ही तिला चार शब्द सांगा," असे गृहस्थ म्हणाले, तेव्हा त्यांच्या स्वरात रागापेक्षा दुखावलेपण अधिक होते.

चार शब्द सांगण्याचे मी कबूल केले. परंतु ते कन्येला न सांगता तिच्या वडिलांना, आणि त्यांच्यासारख्याच इतर अनेक वडिलांना, येथे जाहीरपणे सांगावेत असे मी ठरवले आहे. त्याला कारण घडले ते असे.

त्याच पंधरवड्यात एका धर्मग्रामाच्या सभेस पाहुणा म्हणून बसण्याचा योग आला. गावाचे नाव सांगत नाही. ते कोणतेही असू शकेल. चर्चच्या कुंपणाबाहेर पथारी मांडून बसणाऱ्या बायका आणि दोन-तीन ठेले तेथून हलवावेत, असा अर्ज नगरपरिषदेकडे करण्याचा ठराव पुढे आला. रविवारी मोटारी लावावयास जागा उरत नाही, ही मुख्य अडचण. एका सुशिक्षित सभासदाने आधारासाठी कायदाही काढला. प्रार्थनास्थळापासून शंभर मीटरच्या आत फेरीवाल्याने बसू नये, असे न्यायालयानेच म्हटले आहे, असे त्याने सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने संमत झाला आणि नंतर चहा आला. तो चहा, मी पाहिले, कुंपणाबाहेरच्याच ठेल्यावरून आला होता.

शंभर मीटरची ती अट खोटी नाही. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली जी योजना मान्य केली तीत ती आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली तिचा पुनरुच्चार केला. पण त्याच योजनेत अटीला एक अपवादही जोडलेला आहे. भाविकांना अर्पणासाठी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे फुले, चंदन, नारळ, उदबत्त्या आणि मेणबत्त्या, प्रार्थनास्थळाबाहेर विकण्यास परवानगी देता येईल, असे तीत म्हटले आहे. याचा अर्थ असा की, माझ्या चर्चच्या दारात मेणबत्ती विकणारी बाई चालेल आणि तिच्या शेजारी मेथीच्या जुड्या विकणारी तिचीच सख्खी जाऊ चालणार नाही. आमच्या भक्तीला जिची गरज आहे ती कायदेशीर. आमच्या स्वयंपाकघराला जिची गरज आहे ती अतिक्रमण! न्यायालयापुढे मुंबईच्या गर्दीचा प्रश्न होता आणि कोठेतरी रेषा ओढणे त्याला भाग होते. आमच्या सभेपुढे तसली कोणतीही अडचण नव्हती. तेथे प्रश्न मोटारींचा होता, आणि आम्ही त्याला पावित्र्याचे वस्त्र नेसवले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. भाजीवाल्यांवर कसली डॉक्टरकी करायची? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने आपल्या उभ्या कारकिर्दीने दिले आहे. त्यांचे नाव प्राध्यापक शरित भौमिक. हे समाजशास्त्रज्ञ प्रथम उत्तर बंगालमधील डुआर्सच्या चहामळ्यांतील मजुरांचा अभ्यास करत होते. 1981 साली त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात आले आणि त्यानंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. मळ्यातील मजुराकडून गिरणीच्या कामगाराकडे आणि त्याच्याकडून पदपथावरच्या विक्रेत्याकडे असा त्यांच्या अभ्यासाचा प्रवास झाला. 2016 साली ते निवर्तले. ज्या विभागात ते शिकवत त्याची स्थापना 1919 साली झाली आणि त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. 1914 साली भारतात आलेले हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. नगररचनेचा अहवाल लिहिण्याआधी ते त्या गावच्या गल्ल्या पायी तुडवीत आणि नकाशावर सरळ रेघ मारून घरे पाडणाऱ्या अभियंत्यांशी भांडत. आधी निदान, मग शस्त्रक्रिया, आणि तीही कमीत कमी कापाकाप करून, हे त्यांचे सूत्र होते. भाजीवाल्यांचा अभ्यास हे आजकालचे खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही शंभर वर्षांची वंशावळ ध्यानात घ्यावी.

भौमिकांनी काय केले? त्यांनी विचारले आणि मोजले. विसावे शतक सरता सरता त्यांनी मुंबई, कोलकाता, अहमदाबाद, पाटणा यांसारख्या सात शहरांतील पथविक्रेत्यांची पाहणी केली. त्याच सुमारास, 1998 साली, टाटा संस्थेने 'युवा' या संस्थेसह मुंबईत केलेल्या गणनेत महापालिकेच्या जागेवर बसणारे फेरीवाले एक लाखाहून अधिक भरले. त्या काळच्या अभ्यासांतून जे हाती आले ते अनेकांच्या समजुतीला धक्का देणारे होते. मुंबई आणि अहमदाबाद येथील सुमारे 30 टक्के विक्रेते पूर्वी कारखान्यांत, गिरण्यांत कायम नोकरी करणारे होते! गिरणी बंद पडली, देणी थकली आणि हजेरीपटावरचा माणूस टोपली घेऊन रस्त्यावर बसला. ज्याला आपण अतिक्रमण करणारा म्हणतो त्याच्याच आयुष्यावर आधी अतिक्रमण झालेले होते.

हे मुंबईचे झाले, असे म्हणून कोणी सुटू नये. नागपुरात 1877 साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभी केली. पिढ्यान् पिढ्या तिच्या भोंग्यावर या शहराने आपली घड्याळे लावली. ती मिल बंद पडली आणि त्या जमिनीवर आज मॉल उभा आहे. जमिनीचे काय झाले हे सर्वांना दिसते. माणसांचे काय झाले हे पाहावयाचे असेल तर कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन पदपथावर उकिडवे बसावे लागते. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर विक्रेते, दुकानदार आणि महापालिका यांचा तंटा वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्या तंट्यात प्रत्येक पक्षाकडे वकील असतो. खरे आकडे मात्र अभ्यासकाकडेच मिळतात.

आणि आकड्यांनी काय होते? 1989 साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन, घटनेने दिलेला हक्क असल्याचे मान्य केले. परंतु हक्क किती जणांचा, कोठे आणि कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती माहिती अभ्यासांनी पुरवली. 2004 साली राष्ट्रीय धोरण आले, आणि 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरात समिती हवी. तिच्यात 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांची गणना झाली पाहिजे, आणि पहिली गणना पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठवावयाचे नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्के इतक्या विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण कायद्याने घातले आहे. वीस हजार वस्तीच्या गावी ते पाचशे होतात. पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल तर तो वारसा बाजार ठरतो आणि तेथून विक्रेत्यांना हलवता येत नाही. प्रत्येक नगराचा आराखडा त्या नगराच्या समितीच्या शिफारशीवरून व्हावा, ही या कायद्याची दिशा आहे.

ज्यांनी ठराव केला त्यांना माझा प्रश्न एवढाच की, अर्ज करण्याआधी आपण समिती नेमली गेली काय, गणना झाली काय, असे विचारले होते का? नसेल, तर आपला अर्ज नगरपरिषदेला कायदा मोडावयास सांगणारा आहे. त्याच्यावर आपण देवाच्या घराचा शिक्का मारणार!

विरोधी बाजूचे म्हणणे मी दडवत नाही. आपल्या सभेस येणाऱ्या वृद्ध बाईला चालावयास पदपथ हवा. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला तो अधिकच हवा. रुग्णवाहिका अडकून राहिली तर पश्चात्तापाला अर्थ उरत नाही. कित्येक ठिकाणी ठेल्याची जागा मालकासारखी भाड्याने देणारे दादा आहेत, आणि रोजचा हप्ता घेणारे हातही आहेत. हे सारे खरे आहे. पण यांतील कोणत्या दुखण्यावर 'सर्वांना हटवा' हे औषध चालते? हटवलेली बाई तिसऱ्या दिवशी परत येते, कारण तिचे पोट तेथेच असते. आणि परत येण्यासाठी ती आधीपेक्षा मोठा हप्ता देते. जागा आखून दिली, प्रमाणपत्र दिले, पावतीने शुल्क घेतले, तर पदपथाची कडही मोकळी राहते आणि दादाचा धंदाही बसतो. हे निदान घरात बसून सुचत नाही. कोण कधी येतो, माल कोठून आणतो, कर्ज किती व्याजाने काढतो, हे विचारत हिंडणाऱ्या कोणाच्या तरी वहीतून ते येते. गृहस्थहो, ती वही हाती घेण्याची इच्छा आपल्या कन्येला झाली आहे.

आणखी एक गोष्ट. हा विषय आता दूरच्या महानगराचा राहिलेला नाही. नागपूर महानगर क्षेत्राच्या सीमेत कळमेश्वर तालुक्यातील गावेही आली आहेत. कारखाने आले, संत्र्यांच्या बागांना लागून भूखंडांचे फलक लागले, रस्ते रुंदावले. रुंदावलेल्या रस्त्यावर सर्वांत आधी हक्क सांगते ते मोटारीचे चाक, आणि सर्वांत शेवटी विचारले जाते ते आठवडी बाजारात सांबार विकावयास आलेल्या बाईला. आज आपल्या गावी ती कोठे बसते याची नोंद कोणी करून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी ती कधी काळी तेथे होती हे सिद्धही करता येणार नाही. कागद नसलेल्याची जागा जाते, हे आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने तरी कोणाकडून शिकावयास नको.

कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असेही नव्हे. मुंबईसारख्या ठिकाणी विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हावयास 2024 साल उजाडले. कायद्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि भौमिक हयात नव्हते. अभ्यासकाच्या कष्टाचे फळ असे उशिरा आणि अर्धेमुर्धे येते. या वाटेवर पैसा थोडा आणि मान त्याहून थोडा, ही आपली भीती रास्त आहे. मी ती खोडून काढत नाही. नोकरी मिळेल काय, याची हमी मला देता येणार नाही. परंतु 'उपयोग काय' हे मात्र यापुढे म्हणू नये.

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. तो धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बाजारचौकात जातो, आणि प्रत्येक वेळी तेथे काम शोधत उभी असलेली माणसे त्याला सापडतात. चौक मोकळा केलेला असता तर तो कोणाला बोलावणार होता? प्रवचनात आम्ही मजुरीच्या पैशावर पुष्कळ बोलतो. ज्या जागेवर ती माणसे उभी होती तिच्याविषयी, मी कबूल करतो, तीस वर्षांत मी एकदाही बोललो नाही.

ज्या सभेत मी पाहुणा होतो तिच्या सभासदांस माझी विनंती आहे की, तो अर्ज परत घ्यावा आणि त्याऐवजी दुसरा लिहावा: आमच्या नगरात समिती नेमा, गणना करा, आणि गणनेच्या कामास आमच्या धर्मग्रामातील चार तरुण आम्ही देतो. मोटारी थोड्या दूर लावून चालत यावे. मिस्सेला चालत आल्याने कोणाचे पुण्य कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि कळमेश्वरच्या त्या गृहस्थांस सांगतो की, मी आपल्या कन्येशी बोललो. तिला चार शब्द सांगण्याऐवजी मी तिचे चार प्रश्न ऐकले. त्यांतील एक असा होता: "फादर, चर्चच्या कुंपणापाशी बसणाऱ्या मावशींचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का?" मला ते ठाऊक नव्हते. त्या मावशींकडून मी सात वर्षे भाजी घेत आलो आहे.