टीसीची नोकरी आणि भारताची कर्णधार

सुशीला चानू २०१० मध्ये मध्य रेल्वेत कनिष्ठ टीसी म्हणून मुंबईत नोकरीला लागली. सहा वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये ती भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार होती. दादर, परळ, करी रोडच्या गर्दीत रोज धक्के खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ठाऊक असायला हवं, कारण ही आपल्या रेल्वेची कमाई आहे.

इंफाळमधलं तिचं घर बेताचं, वडील ड्रायव्हर. १९९९ साली मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तिथले सामने पाहून या पोरीला हॉकीचं वेड लागलं. २०१३ मध्ये जर्मनीत तिच्या नेतृत्वाखाली ज्युनियर विश्वचषकाचं ब्राँझ मिळालं; त्या स्पर्धेतलं भारतीय मुलींचं ते पहिलंच पदक. रिओत मात्र पदरी निराशा पडली. ३६ वर्षांनी ऑलिम्पिकला गेलेला संघ जपानशी २-२ असा बरोबरीत राहिला आणि पुढचे चारही सामने हरला. असा मार खाल्ल्यावर भलेभले खेळाडू खचतात. सुशीला टिकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथ्या आलेल्या संघात ती होती, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल आणि हांगझो एशियाडच्या ब्राँझविजेत्या संघांतही होती. २०२३चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

टिकली कशी? जिद्द तर आहेच. पण दर महिन्याला हातात पडणारा पगारही आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. महिलांची हॉकी इंडिया लीग सुरू व्हायला २०२५ उजाडलं. तोवर दुखापत झाली, संघातून नाव गळलं, तरी चूल पेटती ठेवत होती ती नोकरी. रिओच्या संघात रेल्वेच्या मुलींचा भरणा होता, तो उगाच नव्हे.

या पगाराचं बळ मैदानावरही दिसतं. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी नीट पाहा. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासह पाच जणी गोलरेषेमागे वाकून दबा धरून असतात. चेंडू आत ढकलला गेला की पहिली धावणारी थेट ड्रॅगफ्लिकच्या वेगवान फटक्याच्या तोंडावर जाते. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड असलं तरी हाड मोडायची भीती असतेच. उद्या जायबंदी झालो तर घरच्यांनी खायचं काय, ही चिंता मिटलेली असली की असं झोकून देणं सोपं जातं.

आपल्या मुलींचं काय? लालबाग-परळनं कबड्डी वाढवली, जपली. हॉकीतही एकेकाळी आपलं नाव होतं. १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात पुण्याची एलिझा नेल्सन होती. १९८२च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण तिच्याच कर्णधारपदाखाली आलं. पुढे मराठी मुलुखातली नावं विरळ होत गेली. आणि जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ हरून देशाच्या संघाचं पॅरिस ऑलिम्पिकच हुकलं.

चर्चगेटला हॉकीचं टर्फ आहे. लालबाग, गिरगावच्या महापालिका शाळेतल्या मुलीला ते काही लांब नाही. तिच्या हातात स्टिक देणारं मात्र कुणी नाही. मध्य आणि पश्चिम रेल्वेनं आपल्या आंतरराष्ट्रीय खेळाडू शिबिरांतून मोकळ्या झाल्या की त्यांना या मुलींपुढे उभं करावं. महापालिकेनं स्टिक आणि येण्याजाण्याचा खर्च उचलावा. हॉकी संघटनेनं आठवड्यातले दोन तास टर्फ फक्त मुलींसाठी राखून ठेवावं. आणि रेल्वेनं खेळाडूंच्या भरतीतली एकही जागा कमी करू नये.