शाळा निवडताना पिशवी नको, उगवण बघा



हरभरा काढणीला आलाय, गहू पिवळा पडायला लागलाय. बियाण्याच्या प्रचाराच्या गाड्या यायला अजून वेळ आहे, पण शाळांचे भोंगे फिरायला लागलेत. चौकात फ्लेक्स लागलाय. कोट-टाय घातलेलं लेकरू, खाली ‘इंटरनॅशनल’, ‘डिजिटल क्लासरूम’, ‘बस सुविधा उपलब्ध’. गेल्या आठ दिवसांत चार-पाच जणांनी विचारलं, ‘पोराला पहिलीला कुठं घालावं?’ म्हणून आजची नोंद पिकाची नाही. हिशेब मात्र शेतीचाच आहे.

आधी माझं मत सांगतो. खासगी शाळेत घालणं चूक नाही. वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात एक जण मतदार यादीच्या कामाला. अशा वेळी आईबापानं दुसरीकडं बघितलं तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही. पण आपण खासगी शाळा जशी निवडतो, तसं सोयाबीनचं बियाणंसुद्धा निवडत नाही. बियाण्याला आपण जास्त कडक आहोत.

बघा ना. घरचं सोयाबीन पेरायचं म्हटलं की आपण काय करतो? पोत्यातून शंभर दाणे काढतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभर ओल ठेवतो आणि मग मोजतो. सत्तर किंवा वर उगवले तर पेरायचं. साठ आले तर बियाणं वाढवायचं. पन्नासच्या खाली गेलं तर ते पोतं तेल गिरणीला. पिशवीवरचं चित्र किती हिरवं आहे, हे कुणी बघत नाही. आणि शाळा निवडताना? इमारत बघतो, गणवेश बघतो, बस बघतो. म्हणजे सगळी पिशवीच बघतो.

शाळेची उगवण चाचणी अवघड नाही. तिसरीतलं लेकरू घ्या. त्यानं आधी न वाचलेला एक साधा उतारा वाचायला द्या. मग हातच्याची एक वजाबाकी घाला, बावन्नातून सव्वीस गेले किती. तीन वर्षं फी भरलेल्या लेकराला एवढं आलं पाहिजे. ही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून साधारण असंच करते. घरी जाऊन अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. लेकरू सरकारी शाळेचं असो की खासगी, प्रश्न तेच. आपल्याला पाहणी करायची नाही, पण पद्धत वापरायला काय हरकत आहे?

आता नमुना कसा घ्यायचा, हे इथं वाचणाऱ्या कृषी सहायकांना मी काय सांगू. मातीचा नमुना आपण नागमोडी चालत घेतो. बांधाजवळचा घेत नाही, झाडाखालचा घेत नाही, जिथं उकिरडा होता तिथला तर नाहीच. शाळा आपल्याला नेमकं उकिरड्याच्या जागेचं पीक दाखवते! स्नेहसंमेलनात इंग्रजीत भाषण करणारी पोरगी, फ्लेक्सवर ९८ टक्केवाला पोरगा. त्यांचं कौतुक आहेच, पण तो सगळ्या रानाचा उतारा नाही. हजेरीतला सातवा, चौदावा, एकविसावा नंबर बघायला मिळाला तर खरं कळेल.

शाळा वर्गात बसू देईल का? विचारा तर. चालू दिवशी, मंगळवारी-बुधवारी अकरा वाजता जा. कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. नाही म्हणाले तरी वाट आहे. आपल्याच गावातली पाच-सहा लेकरं त्या शाळेत तीन वर्षांपासून जात असतात. त्यांच्या घरी जा, ओसरीवर बसा, चहा घ्या, त्यांचंच पुस्तक हातात घ्या. पाठ झालेला धडा नको, पुढचा धडा वाचायला सांगा. एक करा, चार माणसांत लेकराला परीक्षेला बसवू नका. अडखळलं तर हसू नका. परीक्षा शाळेची चालू आहे, त्याची नाही. इंग्रजी माध्यम असेल तर वाचून झाल्यावर विचारा, ‘यात काय सांगितलंय रे?’ घडाघडा वाचलं आणि अर्थ सांगता आला नाही, तर ते झाड नुसतं उंच वाढलंय, शेंगा लागलेल्या नाहीत.

इथं माध्यमाचा विषय येतोच. इंग्रजी यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण इंग्रजी येणं आणि सगळं इंग्रजीतून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालापासून आहे. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. घरात मराठी, रानात मराठी, आणि वर्गातल्या बाईंनाही इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता येत नसतील, तर लेकरू ना इकडचं ना तिकडचं. म्हणून ‘इंग्लिश मीडियम’ ही पाटी वाचून थांबू नका. पहिलीच्या बाईंशी पाच मिनिटं बोला. लेकराला पाणी प्यायला जायचं असेल तर ते कोणत्या भाषेत सांगतं, आणि त्यावर बाई काय करतात, एवढं बघा.

बाई कोण आहेत, यापेक्षा त्या किती दिवस आहेत हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडं सालगडी पाडव्याला बदलतो. दरवर्षी नवा गडी आला की बैलही बुजतो. काही शाळांत शिक्षक तसेच बदलतात, कारण पगारच तसा असतो. सरळ विचारा, ‘दोन वर्षांपूर्वीच्या शिक्षकांपैकी आज किती आहेत?’ निम्म्याहून जास्त गेले असतील तर इमारत कितीही मोठी असू द्या. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला डीएड म्हणजे आताचं डीएलएड आणि टीईटी लागते, हेही विचारायला लाजू नका. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, असा हिशेब दिलाय. एका वर्गात पन्नास-पंचावन्न लेकरं कोंबलेली दिसली तर समजून घ्या. दाट पेरणीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आता पैशाचा हिशेब. समजा फी २५ हजार, बस ९ हजार, वह्या-पुस्तकं-गणवेश-बूट मिळून ६ हजार. झाले ४० हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसात क्विंटल. हमीभावाच्या खाली गेलं, जे आपल्याला नवीन नाही, तर नऊ-दहा क्विंटल. कोरडवाहूत एका एकराचं सगळं सोयाबीन एका लेकराच्या एका वर्षाला. आणि हा एकूण माल झाला, खर्च वजा जाता बघितलं तर दोन-तीन एकर लागतील. शिवाय फीचा पहिला हप्ता जूनमध्ये. नेमका जेव्हा बियाणं, खत आणि पेरणीचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. त्या वेळी फी भरायला सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या उधारीवर जे काढलं जातं, ते फीच्या पावतीवर दिसत नाही.

म्हणून प्रवेशाआधी दोन गोष्टी ठरवा. एक, हप्ते दिवाळीनंतर मिळतील का, हे लेखी विचारा. काही शाळा ऐकतात, कारण त्यांनाही पटसंख्या पाहिजे असते. दोन, पहिलीची फी बघून उडी मारू नका. आज चौथीला, सातवीला किती आहे ते विचारा, आणि सात-आठ वर्षांत दोन साल दुष्काळी धरून चाला. मध्येच लेकरू काढावं लागलं तर त्याच्या मनाला जे लागतं, त्याची भरपाई कुठल्याच विम्यात नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. पैसे एकाचेच असले की पोरगा पिवळ्या बसमध्ये आणि पोरगी चालत गावातल्या शाळेत, हे दृश्य गावोगाव आहे. एकाच घरात दोन प्रतींचं बियाणं. दोघांना परवडत नसेल तर दोघांना गावातल्या शाळेत घाला, आणि वाचलेल्या पैशातून घरी पुस्तकं आणा, दोघांना रोज तासभर घेऊन बसा. कुणी एक मागं ठेवून दुसऱ्याला पुढं काढणं, याला मी निवड म्हणत नाही.

बसचाही हिशेब करा. जायला एक तास, यायला एक तास. कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं आहे. दोनशे दिवस दोन-दोन तास म्हणजे ४०० तास. शिकण्याच्या निम्मा वेळ लेकरू खड्ड्यातून हेलकावे खातंय. सहा वर्षांच्या जिवाला हे झेपतं का? बसमध्ये मदतनीस असतो का, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बस कुठं थांबते, हे त्या मार्गावरच्या आईबापांना विचारा, ड्रायव्हरला नको.

कागदांचं थोडक्यात सांगतो. शाळेला मान्यता पाहिजे आणि ११ अंकी यू-डायस नंबर पाहिजे. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं म्हणजे सीबीएसईची संलग्नता आहे असं नाही. संलग्नता क्रमांक मागा. ‘ट्रुथफुल’ आणि ‘प्रमाणित’ यातला फरक आपण जाणतो, तसंच हे. प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही, लेकराची किंवा आईबापाची परीक्षा घेता येत नाही. फी वाढवायची तर राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणं तो प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं येतो. त्या समितीत आपलंही माणूस असू द्या, मीटिंगला जा. आणि दाखल्यासाठी अडवलं म्हणून घाबरू नका, दाखला यायला उशीर झाला तरी जिल्हा परिषदेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

आरटीईच्या २५ टक्के जागा विसरू नका. विनाअनुदानित खासगी शाळांत, अल्पसंख्याक संस्था सोडून, सुरुवातीच्या वर्गात या जागा असतात आणि आठवीपर्यंत फी लागत नाही. वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकांना वर्षाला १ लाखाच्या आतला दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. २०२४ मध्ये सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. तेव्हा ‘आता ते बंद झालंय’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दाखल्यांसाठी तहसीलला आजपासून चकरा सुरू करा.

शेवटचं. कोणतंही वाण चांगलं की वाईट हे शेजारी कंट्रोल प्लॉट असल्याशिवाय सांगता येत नाही. आपला कंट्रोल प्लॉट म्हणजे गावातली जिल्हा परिषदेची शाळा. तीच उगवण चाचणी तिथंही करा, तोच उतारा, तीच वजाबाकी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकानं, रणजितसिंह डिसले गुरुजींनी, २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. सगळीकडं तसं नाही, मान्य. पण काही गावांत चाळीस हजार भरून जे मिळतं, ते किंवा त्याहून बरं दोनशे पावलांवर असतं आणि आपण बघायलाच गेलेलो नसतो. खासगी शाळा त्या प्लॉटपेक्षा खरंच सरस निघाली, शिक्षक टिकून असले, दुष्काळी सालातही फी झेपणारी असली, तर बिनधास्त घाला. नाही निघाली तर बसच्या रंगाला भुलू नका.

प्रवेशाला अजून महिना-दीड महिना आहे. हरभरा घरी आला की दोन दिवस काढा, नवरा-बायको दोघांनी मिळून जा. लेकराच्या आईला प्रश्न विचारू द्या, तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतं.