कोणतं पिस्तूल घ्यावं, हा प्रश्नच चुकीचा आहे

गेल्या दोन-तीन वर्षांत नगरच्या मोहल्ल्यांत एक नवा विषय ऐकू येतो. पूर्वी चार माणसं चहाला बसली की आखाती देशाचा व्हिसा, पोराची नोकरी आणि प्लॉटचे भाव निघायचे. आता त्यात पिस्तूल आलं आहे. मे 2023 मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, दुकानं-वाहनं फुटली. सप्टेंबर 2025 मध्ये नगर शहरात रांगोळीवरून तणाव झाला, रास्ता रोको झाला, लाठीमार झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर कुणीतरी म्हणतं, ‘भाई, अब लायसन निकालनाच पडेगा.’ लगेच दुसरा विचारतो, रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल? कानपूरचं की विलायती? शर्टाखाली कोणतं दिसत नाही?

ही चर्चा करणारे टपोरी नाहीत. व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, दोन मुलींचे बाप आहेत. म्हणून त्यांच्याशीच बोलायचं आहे.

त्यांची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. या जिल्ह्यात भीतीला कारणं आहेत आणि ती सगळी धर्माची नाहीत. जानेवारी 2001 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत रात्री दरोडेखोर शिरले. पुरुषांना मारहाण केली, बायकांवर अत्याचार केले. त्या घटनेने अख्खा महाराष्ट्र हादरला होता. रानात वस्ती करून राहणारा मराठा असो, वंजारी असो की पठाण, कुत्रं भुंकलं की त्याची झोप आजही उडते. अकोले-संगमनेरच्या उसात बिबट्या आहे, तो वेगळाच. तेव्हा ‘भिऊ नका’ हा उपदेश फुकटाचा आहे. प्रश्न एवढाच की पिस्तुलाने ही भीती कमी होते का. माझं उत्तर आहे, होत नाही. उलट घरात आणखी एक भीती येऊन बसते.

आधी कायदा पाहू

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, ती सवलत आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम ती ठरवतात. वय 21 पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांची. जिवाला धोका कुणापासून, कधीपासून, त्याचा पुरावा काय, हे विचारलं जातं. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

आता ‘कोणतं घ्यावं’ याकडे येऊ. यूट्यूबवर अमेरिकन माणूस ज्या पिस्तुलांची तुलना करून दाखवतो, त्यांतलं फारसं काही इथे उपयोगाचं नाही. पोलीस आणि लष्कर वापरतात ते 9 मिलिमीटर सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला मुख्यतः .32 बोअर येतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं. निर्भयाच्या नावाचा आधार घेऊन ते बायकांसाठी म्हणून विकायला ठेवलं आणि किंमत लावली 1 लाख 22 हजारांच्या घरात. ज्या मुली रात्री बसस्टॉपवर उभ्या राहतात, त्यांच्या वर्षभराच्या कमाईएवढी ती किंमत होती. 2023 मध्ये ‘प्रबळ’ नावाचं रिव्हॉल्वर आलं. नावं पाहा, निर्भीक आणि प्रबळ. विकली जाते ती हिंमत, वस्तू फक्त सोबत येते.

शर्टाखाली घेऊन फिरण्याचं म्हणाल, तर नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकून, म्यानात आणि ताब्यात ठेवूनच न्यायचं. दाखवणं, हवेत झाडणं हा गुन्हा. पण त्याहून मोठी गंमत पुढे आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. सणासुदीला, तणावाच्या काळात जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. म्हणजे ज्या आठवड्यासाठी तुम्ही पिस्तूल घेतलं, त्याच आठवड्यात ते बाहेर काढता येत नाही किंवा ठाण्याच्या कपाटात असतं. शासनाचं यात चुकलं असं मी म्हणत नाही. तणावात बंदुका कमी असाव्यात, हे शहाणपणाचंच आहे. मग तेच शहाणपण घेण्याआधी का नको?

आणि गोळी झाडलीच तर? भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि ते स्वसंरक्षणच होतं हे दाखवण्याचं ओझं गोळी झाडणाऱ्यावर येतं. अंधारात तीन सेकंदांत घेतलेला निर्णय कोर्ट कैक वर्षं तपासतं.

बंदूक कुणाकडे वळते?

अमेरिकेत बंदुका घरोघरी आहेत, त्यामुळे तिथे मोजदाद झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी प्रौढांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये निष्कर्ष मांडला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होतं आणि बायकांमध्ये सुमारे 35 पट. त्याच गटाने 2022 मध्ये पिस्तूलवाल्यासोबत एका घरात राहणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचा खून होण्याचा धोका कमी नव्हता, दुपटीहून जास्त होता. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा धोका तर सातपट होता. यात घरच्या बाईला काय विचारलं गेलं होतं? आपल्या मोहल्ल्यातल्या चर्चेतही ती नाही. पिस्तूल ‘तिच्या रक्षणासाठी’ येणार, आणि तिला कुणी विचारणार नाही की रागीट नवऱ्याच्या कपाटात ते तुला हवं आहे का.

आपल्याकडची उदाहरणंही पाहा. 2 फेब्रुवारी 2024 ला आमदार गणपत गायकवाड यांनी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच मित्रपक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या. शस्त्र परवान्याचं होतं. सहा दिवसांनी दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांचा खून झाला. पिस्तूल अंगरक्षकाचं, परवान्याचं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला पहाटे अभिनेता गोविंदाच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि त्याच्याच पायात शिरली. पहिल्या दोन घटनांत ओळखीच्याच माणसावर बंदूक वळली, तिसरीत मालकावरच. यांत चोर-दरोडेखोर कुठे आहे?

नगरकरांना हे इतिहासानेही शिकवायला हवं होतं. मुलूख-मैदान तोफ 1549 मध्ये याच शहरात ओतली गेली. 1595-96 मध्ये चांदबिबीने मुघलांच्या वेढ्यापुढे किल्ला टिकवला. वेढ्यातल्या तोफांनी तिला काही केलं नाही. 1600 मध्ये तिला मारलं ते तिच्याच बाजूच्या माणसांनी.

आणि आपण मुसलमान आहोत

हे स्पष्ट बोलू या, कारण खरी चर्चा इथेच अडते. दरोडेखोरासाठी कुणी पिस्तूल मागत नाही, मागतात ते जमावासाठी. मग जमावापुढे परवान्याची बंदूक काय करते, याचं एक उदाहरण आपल्यासमोर आहे. 28 फेब्रुवारी 2002, अहमदाबाद, गुलबर्ग सोसायटी. माजी खासदार एहसान जाफरी यांच्याकडे परवान्याचं शस्त्र होतं. फोनही होता, ओळखीही होत्या. त्या दिवशी तिथे 69 माणसं मारली गेली, त्यांत जाफरीही होते. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने 24 जणांना दोषी ठरवलं. पण त्याच निकालात असंही म्हटलं की जाफरींनी केलेल्या गोळीबाराने जमाव भडकला.

हे नीट समजून घ्या. मला तो निष्कर्ष पटत नाही. जाळायला आलेल्या जमावाला भडकायला गोळीची गरज नव्हती. पण माझ्या न पटण्याने काय होतं? एका वृद्ध माणसाची शेवटच्या तासातली बंदूक त्याला वाचवू शकली नाही आणि मेल्यावर त्याच्याच विरुद्ध कागदावर उभी राहिली. उद्या तुमच्या गच्चीवरून एक गोळी सुटली, तर पाच हजार दगडांची बातमी होणार नाही. त्या एका गोळीची होईल.

ज्यांना परवाना मिळत नाही, ते गावठी कट्ट्याकडे पाहतात. श्रीरामपूर, शिर्डी, नेवासा या पट्ट्यात कट्टे पकडल्याच्या बातम्या नव्या नाहीत. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीतून येणारा हा माल कधी हातातच फुटेल, सांगता येत नाही. विनापरवाना शस्त्र सापडलं तर 2019 पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. पण आपल्या पोराच्या बाबतीत ते तेवढ्यावर थांबेल का? दुसऱ्याच्या कमरेला सापडला तर तो ‘सराईत’ ठरतो, आपल्याच्या कमरेला सापडला तर टीव्हीवर कोणता शब्द येतो ते मी सांगायला नको. हा अन्याय आहे. पण तो माहीत असूनही पोराच्या हातात कट्टा जाऊ देणारा बाप शहाणा नाही.

काही जण दीनचा दाखला देतात, की संरक्षण करणं सुन्नत आहे. बरोबर. पण त्याच परंपरेत हत्यार उघडं हातात देऊ नये, बाजारात-मशिदीत बाण न्यायचा तर टोक मुठीत धरावं, गमतीनेही भावावर हत्यार रोखू नये, अशी ताकीद आहे. शेजाऱ्याला आपल्या हातापासून निर्धास्त वाटावं, ही त्या परंपरेची पहिली मागणी आहे.

शासनाला सोडायचं नाही

आता कुणी म्हणेल, मग आम्ही मार खायचा का? नाही. माझी तक्रार हीच आहे की पिस्तुलाच्या गप्पांनी आपण सरकारची सुटका करतो. नागरिकाचं रक्षण हे सरकारचं काम. ते काम आपण शर्टाखाली घेतलं की जाब विचारायचा कुणाला?

शेजारच्या बीडकडे पाहा. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर उघड झालं की त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावलेली पोरं व्हिडिओत मिरवत होती. मग परवाने रद्द करण्याची धावपळ झाली. बाराशे परवान्यांनी बीड सुरक्षित झालं का? देशमुख वाचले का? आसाम सरकारने तर 2025 मध्ये मुस्लिमबहुल जिल्ह्यांत राहणाऱ्या ‘मूळ’ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचं धोरणच काढलं. त्याला आपण विरोध करतो, कारण शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध सरकार हत्यार देतं. मग तोच तर्क आपल्या गल्लीत कसा चालेल?

मागायचं असेल तर हे मागा. 17 जुलै 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात सांगितलं की जमावाच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी हवा. आपल्या जिल्ह्याचा तो अधिकारी कोण, त्याने आजवर काय केलं, असा अर्ज माहिती अधिकारात टाका. जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती, कोणत्या कारणांवर दिले, हेही विचारा. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने सांगितलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. सभेत कुणी विष ओकलं तर रेकॉर्डिंगसह लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. शांतता समितीच्या बैठकीला तेच ते चार पुढारी फोटो काढायला जातात, तिथे वकील आणि शिक्षक पाठवा.

आणि रात्रीसाठी? गल्लीत दिवा, मजबूत दार, चालू असलेला कॅमेरा, 112 नंबर घरातल्या लहानाला पाठ. वस्त्यांवर ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर सारं गाव जागं होतं. तिच्यात सगळ्या जातीधर्मांचे नंबर असतात, हीच तिची ताकद आहे. ज्याच्या भीतीने तुम्ही पिस्तूल शोधता, त्याच्याच चुलतभावाने कदाचित पहिला फोन उचलायचा आहे.

एका पिस्तुलाला लाख-दीड लाख लागतात. दहा घरांनी तेवढे पैसे एकत्र केले तर मोहल्ल्यात कॅमेरे बसतील, वकिलाची फी निघेल आणि दंगलीत टपरी जळालेल्या माणसाला पंचनामा होईपर्यंत उभं राहता येईल. येत्या शुक्रवारी नमाजनंतर कुणी पिस्तुलाचा विषय काढला, तर त्याला कोणतं घ्यावं ते सांगू नका. त्याच्यापुढे या निधीची वही ठेवा आणि पहिली रक्कम त्याच्याच नावावर लिहा.