किट लेन्सवरील फिर्याद

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या खोक्यातून जी १८-५५ मि.मी.ची झूम लेन्स हाती येते, ती निव्वळ भरतीची वस्तू असून गंभीर छायाचित्रकाराने ती सत्वर विकून एफ/२.८ची भारी झूम घ्यावी, असा पक्ष आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील होतकरू मंडळींत हल्ली सर्रास मांडला जातो. आणि ज्या घरात कॅमेराच मोठ्या काटकसरीने आला, तेथील तळोद्या-अक्कलकुव्याच्या मुलाला हा उपदेश ऐकून आपले सारे साहित्य कुचकामी वाटू लागते, म्हणून त्याचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्षाची भिस्त चाचणीच्या तक्त्यावर आहे. अपर्चर पूर्ण उघडे ठेवल्यास कोपरे पुसट उमटतात आणि १८ मि.मी.वर सरळ रेषा बाहेर फुगतात, हे दोन्ही आरोप मला मान्य आहेत. परंतु एफ/८ला कोपऱ्यांची तक्रार बव्हंशी मिटते, रेषांचा बाक संगणकावर काढता येतो, आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तापीकाठी जे स्वच्छ ऊन पडते, त्यात आयएसओ २००ला एफ/८ ठेवूनही सेकंदाच्या आठशेव्या भागाएवढा शटर सहज मिळतो. मग त्या बाजारात एफ/२.८ची मातबरी कोणत्या कामी यावी?

शिवाय लेन्सच्या माथी मारलेले कित्येक दोष मुळात तिचे नव्हेतच. घोड्याचे नाक अवाढव्य आणि कान इवलेसे आले, की ‘स्वस्त लेन्स’ म्हणून बोटे मोडली जातात. वस्तुतः तो परिणाम अगदी जवळ उभे राहिल्याचा आहे, आणि चार पावले मागे सरून ५५ मि.मी.वर टिपल्यास तेच मुख प्रमाणबद्ध येते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर तर हा अन्याय अधिकच ठळक होतो. भर दुपारी वाळत घातलेल्या मिरचीचा लाल रंग छायाचित्रात सपाट डागासारखा दिसतो, सालीवरील सुरकुत्या आणि देठाजवळची चकाकी हरपते, आणि दोष लेन्सच्या पदरी बांधला जातो. पण हिस्टोग्राममधील लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला जाऊन थडकला आहे का, याची खातरजमा कोणी करीत नाही. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने उतरवावे, वस्तूपासून हातभराच्या आत यावे, म्हणजे तीच लेन्स एकेक सुरकुती वेगळी दाखविते.

आता न्यायाची दुसरी बाजू. काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर नृत्य चालते आणि होळी पेटते ती पहाटे. मोरपिसांचे टोप चढविलेले, कमरेला घुंगरू बांधलेले नर्तक अपुऱ्या उजेडात फिरत असता ५५ मि.मी.वर ही लेन्स एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही, पिसे फराटे होऊन उमटतात, आणि कंप-निवारण हाताचा कंप थोपविते, नर्तकाची गती नव्हे. येथे किट लेन्स उणी पडते, हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो. तथापि त्यावरून निघणारे अनुमान मात्र मला अमान्य आहे. १८ मि.मी.च्या टोकाला एफ/२.८ची झूम किट लेन्सच्या जेमतेम दीडपट प्रकाश देते. उलट ५० मि.मी.ची, एकाच नाभ्यंतराची साधी एफ/१.८ लेन्स ५५ मि.मी.वरील एफ/५.६च्या सुमारे साडेनऊपट प्रकाश देते, आणि तिची किंमत भारी झूमच्या अल्पांशाइतकी असते. जेथे प्रकाश हीच अडचण, तेथे पैसा प्रकाशावरच खर्च व्हावा.

मूल्यमापन अवश्य करावे, पण आपल्या हातातील नगाचे. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवून विटांच्या भिंतीला समांतर धरावा, १८, ३५ आणि ५५ मि.मी.वर प्रत्येक अपर्चरला छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावे: चारही सारखेच पुसट असतील तर तो रचनेचा स्वभाव, एकच कोपरा वारंवार पुसट येत असेल तर भिंगे केंद्राबाहेर बसल्याचा संशय घ्यावा, आणि तो नग मुदतीतच दुकानदाराकडे बदलून मागावा.