काँक्रीट ओतण्याआधी

वळवाचे ढग दिसू लागले की आपल्या व्यवसायात धांदल उडते. सोसायटीचे चिटणीस, शाळेचे मुख्याध्यापक, रुग्णालयाचे व्यवस्थापक या सगळ्यांची मागणी एकच असते: गच्चीवर दांडा बसवा, पट्टी खाली सोडा, खड्ड्यात मीठ-कोळसा भरा आणि ओहम मोजून प्रमाणपत्र द्या. तेही पहिल्या गडगडाटाच्या आत.

भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली बहुतेक शेतात, झाडाखाली, उघड्यावर असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आज गावोगावी आगाऊ इशारा देते आहे. इशारा मिळालेला माणूस धावतो तो जवळच्या पक्क्या इमारतीकडे. ती इमारत त्याला खरोखर वाचवील का, याचे उत्तर हवामानशास्त्रज्ञ देऊ शकत नाहीत. ते आपल्यालाच द्यायचे आहे, आणि आज ते छातीठोकपणे देता येईल अशा इमारती फार थोड्या आहेत.

याचे कारण साधनांचा तुटवडा नाही. आपण संरक्षणाचा विचार उशिरा करतो, हे खरे कारण आहे. इमारतीचे सर्वांत चांगले कवच म्हणजे तिच्याच आरसीसीतील पोलाद. त्याचे पैसे मालकाने आधीच मोजलेले असतात. ते नीट जोडायचे तेवढे राहते, आणि काँक्रीट ओतले की ती संधी कायमची जाते.

या क्षेत्रातील शोधांचा इतिहासही हेच सांगतो. १७५२मध्ये फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी ढगातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच असल्याचे सिद्ध झाले. बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेला दांडा त्यातूनच घरोघरी पोचला. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. शोध सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. पण दांडा विजेला वाट देतो एवढेच. वाटेत काय घडते आणि आतल्या माणसांचे, यंत्रांचे काय होते, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

तो सोडवायला सुरुवात केली मायकेल फॅराडेने. १८३६मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला, त्याला तारा आणि धातूचा पत्रा गुंडाळला, आणि विद्युतमापक घेऊन स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या, आत मापकाचे पान हलले नाही. पुढे १८७६मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हाच विचार इमारतीला लावला. बारुदाचे कोठार वाचवायचे असेल तर उंच दांड्याने वीज बोलावण्यापेक्षा कोठारालाच वाहक तारांच्या जाळीत बंद करा, असे त्याचे म्हणणे होते. सगळे एकाच विभवावर चढले आणि उतरले तर आत ठिणगी पडणार कुठून? बाहेरून येणारे पाण्याचे आणि गॅसचे नळ त्या जाळीला जोडलेच पाहिजेत, हेही त्याने सांगून ठेवले. आज आपण ज्याला समविभव बंधन म्हणतो त्याची मूळ मांडणी ती हीच.

१८८८मध्ये ऑलिव्हर लॉजने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: विजेचा प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की वाहकाच्या रोधापेक्षा त्याचे प्रेरकत्व महत्त्वाचे ठरते. टपाल-तार खात्यातल्या जाणत्या अभियंत्यांना तेव्हा हे पटले नव्हते. आजही आपल्यातल्या अनेकांच्या कामात ते उतरलेले दिसत नाही. म्हणून हिशेब करून पाहू. ३० किलोअँपिअरचा विजेचा झटका ही सर्वसाधारण गोष्ट आहे. अर्थिंग अगदी १ ओहमचे असले तरी त्या क्षणी अर्थ पट्टीवर ३०,००० व्होल्ट चढतात. पट्टीचे प्रेरकत्व दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री धरा आणि प्रवाहवाढीचा वेग मायक्रोसेकंदाला १०० किलोअँपिअर. १० मीटर लांबीच्या एकाच पट्टीच्या दोन टोकांत १० लाख व्होल्टचा फरक पडतो. शेजारून लिफ्टची रेल किंवा पाण्याचा लोखंडी नळ गेला असेल आणि तो जोडलेला नसेल, तर वीज भिंत फोडून तिकडे उडी घेणारच. ओहमच्या आकड्यामागे धावून हा धोका टळत नाही. तो टळतो वाटा वाढवल्याने आणि सगळे धातू एकमेकांना जोडल्याने.

आरसीसी इमारतीत या वाटा आयत्या मिळतात. प्रत्येक कॉलम ही एक वाट आणि प्रत्येक स्लॅब हे एक बंधन. आयईसी ६२३०५ हे वीजसंरक्षणाचे मानक भारताने स्वीकारले आहे आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही त्याचाच आधार घेतला आहे. सळयांचा असा उपयोग करायला ते उघड परवानगी देते. अटी मोजक्या आहेत. उभ्या सळयांचे जोड वेल्डिंगने किंवा क्लॅम्पने केलेले असावेत, नाहीतर सळयांची परस्परांवरची लांबी व्यासाच्या किमान २० पट असावी आणि त्या घट्ट बांधलेल्या असाव्यात. माथ्यापासून जमिनीपर्यंतचा एकूण रोध ०.२ ओहमपेक्षा जास्त नसावा. सळयांना वेल्डिंग करण्यापूर्वी संरचना अभियंत्याची संमती घ्यावी. शंका असेल तिथे क्लॅम्प वापरावा. पूर्वताणित काँक्रीटच्या पोलादाला संरचना अभियंत्याच्या परवानगीशिवाय हातच लावू नये.

कवच म्हणूनही हीच जाळी कामाला येते. ६२३०५च्या चौथ्या भागातील सूत्राने हिशेब केला, तर जवळ पडलेल्या विजेचे चुंबकीय क्षेत्र ५ मीटर चौकटीच्या जाळीत जेमतेम ४० टक्क्यांनी घटते. २०० मिमी अंतरावर बांधलेल्या १२ मिमी सळयांच्या जाळीत तेच क्षेत्र तीसपटीहून अधिक घटते. सर्व्हर, लिफ्टचे नियंत्रक, रुग्णालयातले मॉनिटर यांना वाचवणारी ही घट जवळजवळ फुकट मिळते, मात्र जाळी सलग जोडलेली हवी.

आपल्या दख्खनच्या खडकात काम करणाऱ्यांसाठी तर पायातले अर्थिंग हे वरदान आहे. काळा पाषाण फोडून अर्थ पिट घ्यायचा, त्यात मीठ किंवा रसायने ओतायची, आणि चैत्र-वैशाखात माती सुकली की वाढलेला आकडा पाहून पुन्हा पाणी घालायचे, हा उद्योग सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात हर्बर्ट उफर या अभियंत्यापुढे हीच अडचण होती. तिथल्या बॉम्बसाठ्याच्या कोठारांना विजेपासून आणि स्थितिक विद्युतापासून वाचवायचे होते, आणि जमीन कोरडी ठणठणीत. त्याने पायाच्या काँक्रीटमधील पोलादालाच अर्थ इलेक्ट्रोड केले. काँक्रीट जमिनीतली ओल शोषून धरून ठेवते, हे त्यामागचे साधे सत्य. सुमारे दोन दशकांनी घेतलेल्या मोजण्यांतही रोध ५ ओहमच्या आत होता. फूटिंगचा खड्डा आपण नाहीतरी खणतोच. एक खबरदारी मात्र विसरू नये: पायाला बाहेरून जलरोधक पडद्याचे आवरण असेल तर आतले पोलाद जमिनीपासून तुटते. अशा वेळी त्या आवरणाच्या बाहेर वलयाकार इलेक्ट्रोड घालून तो ठिकठिकाणी आतल्या पोलादाशी जोडावा.

आता बाजारातल्या शोधांविषयी. एकच दांडा बसवा आणि १०० मीटरच्या परिसराला निर्धास्त करा, असा दावा करणारी ईएसई (अर्ली स्ट्रीमर एमिशन) उपकरणे राज्यभर विकली जात आहेत. फ्रान्सचे एक राष्ट्रीय मानक त्यांना मान्यता देते, हे खरे. पण आयईसी ६२३०५ त्यांना धातूच्या प्रत्यक्ष मापापलीकडे एक मीटरचेही जादा श्रेय देत नाही, आणि किरणोत्सारी दांड्यांना तर मनाईच करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने (एनएफपीए) १९९०च्या दशकात पुराव्याअभावी ईएसईसाठी वेगळे मानक काढायला नकार दिला. न्यू मेक्सिकोतील साउथ बाल्डी शिखरावर सात वर्षे चाललेल्या तुलनेत वीज पडली ती बोथट टोकाच्या, १२ ते २५ मिमी जाडीच्या साध्या दांड्यांवर. ईएसई दांडे कोरेच राहिले. टोकदार दांडेही कोरेच राहिले. पाच टोकांच्या तांब्याच्या दांड्याचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

आमचा नव्या शोधांना विरोध नाही. नव्या शोधाने जुन्या कामाची जागा घेण्याआधी पुरावा द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. २०, ३०, ४५ किंवा ६० मीटर त्रिज्येचा गोल इमारतीवरून फिरवून पाहण्याची पद्धत कष्टाची असली तरी प्रामाणिक आहे. तो गोल जिथे टेकतो तिथे वीज पडू शकते. गच्चीवर आता सौर पॅनेल आले आहेत, टाक्या आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत. यांतले काय गोलाच्या टप्प्यात येते ते रेखाटनावर दिसलेच पाहिजे.

हीच शिस्त एमआरआयच्या कक्षासारख्या कवचबंद खोल्यांना लागू पडते. जाळीला भोके असली म्हणून कवच निकामी होत नाही, हे आपल्या जुन्नर तालुक्यातच पाहायला मिळते. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ०.५५ मिमी जाडीच्या पोलादी तारेने विणल्या आहेत. जाळीची भोके १० ते २० मिमीची असल्याने वारा आरपार जातो, पण २१ सेंटिमीटरच्या आणि त्याहून लांब रेडिओ लहरींना ती जाळी सलग पत्राच वाटते. कवच फुटते ते लांब फटींनी आणि आत शिरणाऱ्या तारांनी. हस्तांतरानंतर एसीच्या नळासाठी किंवा कॅमेऱ्याच्या केबलसाठी कोणीतरी भोक पाडतो, तार फिल्टरशिवाय आत घेतो, आणि लाखो रुपयांचे तांब्याचे कवच वाया जाते. नळ जाळीला जोडा, हे मॅक्सवेलचे सांगणे इथेही तितकेच खरे आहे.

म्हणून प्रत्येक वाचकाला आमचा आग्रह आहे की यापुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात. पहिली, फूटिंगचे आणि प्रत्येक स्लॅबचे काँक्रीट ओतण्याआधी सळयांच्या जोडांची पाहणी व्हावी, छायाचित्रे घ्यावीत आणि विद्युत व संरचना अशा दोन्ही अभियंत्यांच्या सह्या व्हाव्यात. दुसरी, माथ्यापासून पायापर्यंत ०.२ ओहमची चाचणी बांधकाम चालू असतानाच, मजल्यागणिक व्हावी. तिसरी, इमारतीत शिरणारा प्रत्येक नळ आणि प्रत्येक केबल प्रवेशाच्या जागीच बंधनपट्टीला जोडलेली असावी, आणि वीज, दूरध्वनी व सौर वाहिन्यांवर योग्य प्रकारचे सर्ज संरक्षण असावे. जुन्या इमारतींत सळया हाती लागत नाहीत. तिथे गच्चीवर जाळी, चहूबाजूंनी अनेक डाउन कंडक्टर, जमिनीत वलय आणि आत बंधन यांवर भर द्यावा.

या तीन अटींचा खर्च पोलादाच्या बिलाच्या तुलनेत किरकोळ आहे. अडचण आहे ती विद्युत सल्लागाराला पाया भरून झाल्यावर बोलावण्याच्या प्रथेची. ती मोडायची तर आपणच आधी जायला हवे: वास्तुविशारदाच्या पहिल्या बैठकीला, संरचना अभियंत्याच्या टेबलावर, सळई बांधणाऱ्या कारागिरापाशी. बोलावणे आले नाही तर मागून घ्यावे, आणि या अटी नाकारणाऱ्या कामावर सही करू नये.